वाहिनी क्रमांक चार

वाशीच्या बाजारामागे, एका कापडदुकानाच्या वर, दोन खोल्यांत एका संघाचं कार्यालय होतं. संघ म्हटल्यावर कबड्डीचा समजू नका. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं यीस्ट, एंझाइम, औषधांचा कच्चा माल असलं काहीबाही मोठमोठ्या टाक्यांतून आंबवून काढणारे अकरा कारखाने होते, त्या कारखानदारांचा हा संघ. सेक्रेटरी एक, टायपिस्ट एक आणि झाडलोट-चहापाण्याला एक बाई, एवढाच लवाजमा. टायपिस्टचं नाव जयमाला गमरे. ही गोष्ट तिची आहे आणि ती शांतपणे सांगण्यासारखी मुळीच नाही.

जयमाला मूळची महाडकडची. चौऱ्याहत्तर साली तिच्या वडिलांना वाशीत सिडकोच्या नव्या क्वार्टर्समध्ये घर मिळालं तेव्हा बिल्डिंगसमोर गुडघाभर चिखल आणि चिखलात म्हशी, एवढंच शहर होतं. वडील वखारीत वॉचमन होते. लिहायला सहीपुरतं यायचं. त्यामुळे रेशनकार्डापासून मीटरपर्यंत प्रत्येक अर्जासाठी त्यांना कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागे. लिहून देणारा आधी चहा पिणार, मग पेन शोधणार, मग ‘उद्या या’ म्हणणार. वडिलांनी एक दिवस भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून जाहीर केलं की या घरात अर्ज लिहिणारं माणूस तयार होणार. पोरगी मॅट्रिक झाली तशी तिला चेंबूरच्या टायपिंग क्लासला घातली. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास! मराठी टायपिंग येणारी माणसं तेव्हा अख्ख्या वाशीत शोधून सापडत नव्हती. संघाची नोकरी तिला त्याच जोरावर लागली.

नवरा अरविंद हा त्या अकरांतल्या सगळ्यात लहान कारखान्यात ऑपरेटर; लग्नानंतर दोघांचं बिऱ्हाडही वाशीच्या क्वार्टर्समध्येच. लग्नानंतर महिन्याभरानं तो एका संध्याकाळी घरी आला, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून म्हणाला, “मेली.”

“अहो, कोण मेलं?” जयमालाच्या हातातली परात खाली पडायची बाकी होती.

“टाकी.”

मग त्यानं समजावून सांगितलं. टाकीत कोट्यवधी जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण खातात, वाढतात आणि आपल्याला हवा तो माल तयार करतात. त्यांना सारखी हवा लागते. वीज गेली की हवेचा पंप बंद, घुसळणी बंद. वीस मिनिटांत सगळे गुदमरून जातात आणि चार दिवसांची मेहनत गटारात सोडून द्यावी लागते. त्या वर्षी राज्यात विजेचा ठणठणाट होता. कधी आठवड्यातला ठरलेला कपातीचा दिवस म्हणून वीज जाई, कधी कुणाला न सांगता जाई. मालकानं कामगारांना स्वच्छ सांगून टाकलं होतं की यंदा आणखी तीन टाक्या मेल्या तर कुलूप लावणार. जयमालाच्या घरचा दुसरा पगार त्या टाकीतल्या न दिसणाऱ्या जिवांवर चालला होता, आणि ही गोष्ट कळल्यापासून घरातला दिवा नुसता लुकलुकला तरी ती हातातलं काम टाकून खिडकीशी धावायची.

आता सेक्रेटरी. रावसाहेब शितोळे, पुण्याकडचे, सरकारी नोकरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पांढरी शुभ्र मिशी, खिशाला तीन पेनं. कारखान्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठला कागद कुठल्या टेबलावर किती दिवस झोपतो हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून तर संघानं त्यांना ठेवलं होतं.

“जयमालाबाई, ध्यानात ठेवा,” ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “सरकारला विचार करायला लावायचा न्हाई. सही करायला लावायची. एका कारखान्यानं मागितलं की ती तक्रार होती. अकरांनी मिळून मागितलं की तेच धोरण होतं.”

आणि काय त्यांची करामत! दिल्लीत नुकतंच बायोटेक्नॉलॉजीसाठी एक मंडळ नेमलं गेलं होतं. वर्तमानपत्रात ती चार ओळींची बातमी आली त्या दिवशी रावसाहेब जवळजवळ धावतच जिना चढून आले. आठ दिवसांत दारावरची ‘किण्वन उत्पादक संघ’ ही पाटी उतरली आणि ‘जैवतंत्रज्ञान उद्योग संघ’ अशी नवी पाटी चढली. कारखाने तेच, टाक्या त्याच, आंबूस वास तोच. पण पाटी बदलल्याबरोबर पत्रांना उत्तरं येऊ लागली! अध्यक्षसाहेबांना दोन परिसंवादांची बोलावणी आली. जयमाला थक्क होऊन बघत राहिली. एका शब्दात एवढी ताकद असते हे तिला टायपिंग क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मग आली ती यादी. राज्य सरकार ‘अखंड वीज’ द्यायच्या उद्योगांची यादी करत होतं. काचेच्या भट्ट्या तीत होत्या, सिमेंट होतं, आंबवणारे कारखाने मात्र नव्हते. महिन्याभरात यादी पक्की होणार होती. रावसाहेबांनी इंग्रजीत खणखणीत निवेदन लिहून काढलं आणि जयमालापुढे ठेवलं. “ह्याचं मराठी करा. कारभार मराठीतनं चाललाय, इंग्रजी कागद तिथं कुणी उघडून बघत न्हाई.”

जयमालाच्या अंगावर काटा आला. नुसतं टाइप करणं वेगळं आणि भाषांतर वेगळं. रावसाहेबांचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन ती तीन दिवस झटली. इंग्रजीत जागोजागी ‘लाइव्ह कल्चर’ असं होतं. टाकीतल्या त्या जिवाणूंना कारखान्यात सगळे कल्चरच म्हणतात. तिनं कोशात पाहिलं. कल्चर म्हणजे संस्कृती. झालं! बाईंनी कडकड बोटं मोडली आणि स्टेन्सिलवर ठोकून दिलं : ‘आमच्या कारखान्यांतील जिवंत संस्कृती ही अत्यंत नाजूक असून वीजपुरवठा खंडित झाल्यास वीस मिनिटांत तिचा मृत्यू होतो.’ वाचायला इतकं भारदस्त वाटत होतं की रावसाहेबांनीही मान डोलवत सही केली. सात प्रती निघाल्या. मुंबईच्या कचेरीत त्या हातोहात पोचल्या, आवक क्रमांक पडला, आणि दोघंही यादीची वाट बघत बसले.

अठरा दिवसांनी उत्तर आलं. जयमालानं पाकीट फोडलं, वाचलं आणि खुर्चीतच खिळली. निवेदन योग्य कार्यवाहीसाठी संस्कृतीचं काम बघणाऱ्या खात्याकडे वर्ग झालं होतं. त्या खात्यानं नम्रपणे कळवलं होतं की कारखान्यांतील संस्कृतीच्या जतनासाठी चालू वर्षी कोणतीही योजना नाही. तथापि कामगारांचं भजनी मंडळ अथवा लोककला पथक असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा.

रावसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं.  ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते सरळ कॅलेंडरपाशी गेले आणि दिवस मोजू लागले. यादी पक्की व्हायला नऊ दिवस उरले होते. आदल्याच आठवड्यात अरविंदच्या कारखान्यात आणखी एक टाकी मेली होती.

दुपारी जयमाला मशीनवर डोकं ठेवून बसली होती. केशरबाई चहा घेऊन आली. केशरबाई तळवलीची, आगरी, पन्नाशीची. हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि आवाज असा की खालच्या दुकानदाराला वर बोलवायला तिला जिना उतरावा लागत नसे.

“काय गो बाय, कोन वारला?”

“कोणी नाही मावशी. माझी अक्कल.” जयमालानं तिला सगळं सांगितलं. टाकी, जिवाणू, हवा, वीज, आणि तो मेला शब्द. “थोडंसं घालतात, त्याचं वाढून खूप होतं. जिवंत असतं. जपावं लागतं. याला मराठीत म्हणायचं तरी काय?”

केशरबाईनं कपाळाला हात लावला. “आगो, इरजान म्हन की! दुधाला लावतंस त्ये काय हाय मग? त्ये पन जितंच असतं. थंडीन उघरं ठेव, मरतंय. आनी मग दही पन नाय नि दूध पन नाय!”

जयमाला ताडकन उठली. विरजण! रोज घरी स्वतःच्या हातानं लावतो ते विरजण! तिनं केशरबाईचे दोन्ही हात धरून तिला गर्रकन फिरवली, अर्धा चहा रावसाहेबांच्या फायलींवर सांडला, आणि ती धावत आतल्या खोलीत गेली.

रावसाहेब म्हणाले, “अवो बाई, सरकारी कागदात विरजण? विरजण म्हंजे उत्साहावर पडतं ते!”

“साहेब, तो कागद वाचणाऱ्याच्या घरीही दही लागतंच ना?”

रावसाहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्ची मागे सारली. “लिहा.”

या खेपेला निवेदन तिनं सरळ मराठीतच लिहिलं. ‘ज्याप्रमाणे विरजण लावलेले दूध थंडीत उघडे राहिल्यास दही लागत नाही व दूधही परत मिळत नाही, त्याप्रमाणे आमच्या टाक्यांतील जिवाणूंचे विरजण हवेच्या पंपाअभावी वीस मिनिटांत मरते.’ मागे रावसाहेबांच्या पद्धतीप्रमाणे आदेशाचा तयार मसुदाही जोडला. म्हणजे तिकडच्या माणसानं फक्त तारीख आणि सही घालायची. शेवटी एक परिशिष्ट होतं, ते रावसाहेबांनी तोंडी सांगितलं : ‘वरील उद्योगांस लागणारी वीज पुढील वाहिनीवर कपात करून उपलब्ध होऊ शकेल. वाहिनी क्रमांक चार. सकाळी सहा ते दहा.’ जयमालानं ते छान चौकटीत बसवलं.

केशरबाई कप उचलायला आली होती. तिनं ऐकून विचारलं, “चार लंबरची वैनी? ही कोन नवी?”

“वैनी नाही मावशी, वाहिनी! विजेची लाइन.” जयमाला खळखळून हसली. केशरबाईही हसली आणि कप घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब जयमालाला बरोबर घेऊन मुंबईला गेले. खाडीपुलावरून बस जात असताना तिनं फाइल पोटाशी धरली होती. कक्ष अधिकारी गंगाराम साळुंके म्हणून होते, चष्मा कपाळावर चढवलेले, समोर फायलींचा डोंगर. त्यांनी निवेदन उघडलं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. चष्मा खाली घेतला. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघं हसले. पण ते हसणं चांगलं होतं.

“हे कुणी लिहिलं?”

“आमच्या बाईंनी,” रावसाहेब म्हणाले.

“मॅडम, गेल्या दोन महिन्यांत पन्नास निवेदनं आली असतील. समजलेलं हे पहिलं.” साळुंक्यांनी मसुदा पाहिला, परिशिष्ट पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली. “आणि हे बरं केलंत. वीज आणायची कुठून, तेही तुम्हीच सांगितलं. आमचं काम वाचलं.”

आठव्या दिवशी शासन निर्णय आला. जयमालानं तो उभ्यानंच वाचायला घेतला आणि तिसऱ्या परिच्छेदाशी तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. सगळंच्या सगळं वाक्य! दूध, दही, विरजण! तिनं लिहिलेलं, एक काना-मात्रा न बदलता, खाली सही-शिक्क्यासह! ज्या माणसाला एक अर्ज लिहून घ्यायला दारोदार जावं लागत होतं त्याच्या पोरीचं वाक्य आज राज्याचा हुकूम झालं होतं! तिनं तो कागद घरी नेऊन आधी वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनी पुन्हा वाचायला लावला. मग शेजाऱ्यांना बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावला. अरविंदनं पेढे आणले. अकरा कारखान्यांच्या टाक्या जगल्या होत्या, आणि त्या आठवड्यात जयमाला चालत नव्हती, तरंगत होती.

पंधरा दिवस असे गेले. मग तिच्या लक्षात आलं की केशरबाई रोज उशिरा येते. नऊची बाई साडेदहा-अकराला, धापा टाकत, पदर ओला. आणि सगळ्यात नवल म्हणजे गप्प! मग एके दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी जयमाला बस पकडून तळवलीला गेली.

गावच्या टोकाला जुन्या विहिरीवर बायकांची ही रांग! हंडे, कळश्या, तेलाचे डबे. केशरबाई पायाला फडकं बांधून ओट्यावर बसली होती.

“घसरली गो बाय, हंड्यासकट. सकालचे साहापासून धापर्यंत लाईट नाय. पानी सोरायचा पंप तवाच चालू असतंय. लाईट नाय तं पंप नाय, पंप नाय तं नलाला पानी नाय. ह्या हीरीचं पानी खारं झालंय, तरी भरतंय. काय करनार?”

“कधीपासून?”

“झालं की पंधरा-ईस दिस.”

पंधरा-वीस दिवस. सकाळी सहा ते दहा. जयमालाच्या कानात काहीतरी वाजू लागलं. ती उठली आणि गावच्या विजेच्या खांबाकडे गेली. तिथे लाइनमन सदू खाली बसून विडी ओढत होता, आणि त्याच्या डोक्याच्या वर, खांबावरच्या पत्र्याच्या डब्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं : वा. क्र. ४.

तिनं टाइप केलं होतं ते. छान चौकटीत बसवून. आणि जिच्या तोंडचा शब्द घेऊन निवेदन जिंकलं, तिच्याच नळाचं पाणी त्याच निवेदनाच्या शेवटच्या पानावर कापून टाकलं होतं! महाडकडच्या तिच्या मूळ गावी पाण्याची गोष्ट कुणी कधी हलक्यात घेत नसे. जयमालाला त्या खांबाला धरून रडू फुटलं. सदू विडी विझवून उभाच राहिला.

तिनं डोळे पुसले. “सदूभाऊ, या सगळ्या नंबरांची कुठली कुठली गावं, सांगता का जरा?”

सोमवारी ती रावसाहेबांसमोर उभी राहिली. “साहेब, चार नंबर म्हणजे तळवली. तुम्हाला माहीत होतं?”

रावसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. खोटं बोलले नाहीत. “खाडीकडची गावं आहेत येवढं म्हाईत होतं. कुठली तरी वाहिनी लिहावीच लागती बाई. नुसतं मागितलं तर सरकार विचारतं, आणायची कुठनं?”

“मग चारच का?”

“बाकीच्यांचं कुणी ना कुणी बोलणारं आहे. चार नंबरचा संघ न्हाई.”

हे ऐकल्यावर जयमालाचं जे काही झालं, ते राग म्हणावं तर राग, उत्साह म्हणावं तर उत्साह. “संघच पाहिजे ना?” ती म्हणाली. “होईल.”

आणि झाला! रोज पाच वाजता ऑफिस सुटलं की बाई तळवलीला. केशरबाईचा पाय दुखत होता, आवाज शाबूत होता. तिनं ओट्यावर बसून हाका मारल्या आणि गाव जमलं. सखू आली, वेणूबाई आली, बया आली, लेकरं काखेत घेऊन सुना आल्या. ‘वाहिनी क्रमांक चार ग्राहक महिला संघ’. अध्यक्ष केशरबाई, जिनं आयुष्यात सही केली नव्हती आणि जी आता जयमालाच्या वहीत तीन दिवस ‘केशर’ गिरवत होती. काहीजणी अजून ‘चार लंबरच्या वैनी’ म्हणूनच एकमेकींना चिडवत होत्या. एकशे बारा सह्या आणि अंगठे जमले. निवेदन जयमालानं स्वतःच्या वेळेत, स्वतः विकत आणलेल्या कागदावर टाइप केलं, मसुदा जोडला, आणि रावसाहेबांपुढे ठेवलं. नोकरी जायची असेल तर जाऊ दे, चोरून नको.

रावसाहेब वाचत गेले. वाचता वाचता जुन्या खोडीनं त्यांचं पेन खिशातून बाहेर आलं आणि एक वेलांटी दुरुस्त झाली. शेवटच्या पानाशी ते थांबले.

“हा रकाना कोरा का ठेवला?”

“कुणाची वीज घ्यायची तो आहे. मला लिहवत नाही, साहेब.”

“कोरा ठेवलात तर हे पत्र झालं, निवेदन न्हाई. ठेवून घेतील आणि विसरतील.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “उद्याची रजा मंजूर. कारण लिहू नका.”

जयमाला मशीनपाशी बसली. सदूनं सांगितलेली यादी तिच्यासमोर होती. तीन म्हणजे घणसोली. पाच म्हणजे रबाळ्याची वस्ती. सहावर दवाखाना. प्रत्येक आकड्यामागे तिला आता हंडे दिसत होते. तिनं पुन्हा पुन्हा यादी वाचली. मग दोन बोटांनी, भरभर, जणू कुणी हात धरेल म्हणून, तिनं तो रकाना भरला आणि कागद मशीनमधून ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी साळुंक्यांच्या टेबलासमोर जयमाला, केशरबाई आणि चौदा बायका उभ्या. साळुंक्यांनी चष्मा खाली घेतला. “अहो मॅडम, तुम्ही तर विरजणवाल्या ना? महिन्यापूर्वी कारखान्यांसाठी आला होतात.”

“हो. तिथे परिशिष्टात आमची चूक झाली. ती दुरुस्त करायला आले.”

त्यांनी शेवटचं पान उघडलं. चारवर सकाळी सहा ते आठ वीज द्यावी, म्हणजे पंप चालेल. आठ ते दहा बंद राहिली तरी चालेल. आणि त्या दोन तासांची वीज वाहिनी क्रमांक सातवरून घ्यावी.

“सात कुठली?”

“वाशीची क्वार्टर्स. तिथे खालच्या टाकीला पाणी आपोआप येतं, बादलीनं वर नेता येतं.”

“तिथले लोक शिकलेले आहेत. बोंब मारतील.”

“मारतील,” जयमाला म्हणाली. “मी तिथेच राहते.”

साळुंक्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मागे उभ्या असलेल्या केशरबाईला तेवढ्या बोलण्यावरून नेमकं काय ते कळलं. तिनं जयमालाचा दंड असा घट्ट धरला की बांगडी रुतली. साळुंक्यांनी पेन उचललं.

अकरा दिवसांत शुद्धिपत्रक निघालं. पहिल्या सकाळी सहा वाजता तळवलीच्या नळांना पाणी आलं आणि म्हणे गावात ढोलकी वाजली. त्याच मिनिटाला वाशीच्या क्वार्टर्समध्ये पंखे थांबले. जयमाला अंधारात स्टोव्ह पेटवत एकटीच हसत होती. अरविंद मेणबत्तीपाशी दाढी करत होता, त्यानं हनुवटी कापून घेतली. “सकाळी उठून कसलं हसणं हे?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं वस्तरा खाली ठेवला, बायकोकडे पाहिलं, मग तोही हसायला लागला. हसता हसता म्हणाला, “पण बिल्डिंगला कळलं तर?”

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला, दार वाजलं. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी आणि पाच शेजारी. दोघांच्या हातांत बादल्या.

“जयमालाबाई, तुम्हाला त्रास देतोय,” सेक्रेटरी म्हणाले. “पण ही लाइटची काय भानगड आहे? कुणाच्या तरी सांगण्यावरून आपलीच लाइन कापलीय. शाळा, ऑफिस, सगळ्यांचे हाल. तुम्ही निवेदन फार फक्कड लिहिता म्हणे. एक कडक लिहून द्या. सगळी बिल्डिंग सही करेल.”

आतून अरविंदला खोकल्याची उबळ आली. जयमालानं त्यांना बसायला सांगितलं, टेबलावरचं सामान बाजूला केलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

“लिहिते की,” ती म्हणाली. “मजकूर लिहिते, मसुदाही जोडते. फक्त शेवटचा एक रकाना असतो, तो मात्र तुम्ही सगळ्यांनी मिळून भरायचा. आपल्याऐवजी कुणाची लाइट घालवू?”

ती सहा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि जयमाला पेनाचं टोपण काढून वाट बघत बसली.